मस्तानी आली की सगळे माझ्याकडे बघतात

आषाढी एकादशीला सुरू आणि कार्तिकीला बंद, असा आमचा वाचनाचा हंगाम आहे. चातुर्मासात लोकांच्या घरी पोथी लागते, तशी आमच्याकडे ऐतिहासिक कादंबरी लागते, आणि तीही प्रेमकथा असलेली. रविवारी रात्री नऊ वाजता मोबाईल डब्याला टेकवून पंधरा-सोळा जण बसतो. निम्मे सोलापूरचे, बाकी पुण्या-नाशिकचे, एक ताई बहारीनहून. तीन रविवारांत एक पुस्तक. ज्याची पाळी त्याने प्रकरणाचा सारांश सांगायचा, मग चर्चा. ती बहुतेक वेळा साड्या, दागिने आणि मालिकेत कोण काम करत होतं इथवर जाते आणि मला तेही आवडतं. या सगळ्यांत मुसलमान मी एकटी.

हे लिहिण्याचं कारण असं की मी हा ग्रुप सोडावा, असं सांगणारे आता दोन्हीकडून वाढले आहेत. घरातल्या एका खालाने विचारलं, "हमारे लोगां के खिलाफ लिखेली किताबां कायको पढती?" ग्रुपमधल्या एका काकूंनी तितक्याच मायेने फोन करून सांगितलं, "तुम्हाला त्रास होत असेल तर या महिन्यात नाही आलात तरी चालेल हं." दोघींचा हेतू चांगला आहे. दोघींचं म्हणणं शेवटी एकच होतं, की ही पुस्तकं माझी नाहीत. त्याला माझा विरोध आहे.

आधी हे कबूल करते की मला या कादंबऱ्या आवडतात. रणजित देसाईंची 'स्वामी' 1962 सालची. मी ती शाळेच्या वाचनालयातून आणली होती तेव्हा तिची पाठ सुटलेली होती. थेऊरला माधवराव खंगत जातात आणि रमाबाई सती जायला निघतात, तिथे मी तेव्हाही रडले आणि मागच्या वर्षी ग्रुपमध्ये पुन्हा वाचतानाही माझा आवाज गेला. सतीचा मला राग येतो, तरी रडले. पेशवे माझे कोण लागतात, हा प्रश्न रडताना पडला नाही. चांगली प्रेमकथा एवढं करतेच, परक्याच्या घरात नेऊन बसवते. माझी तक्रार त्या पुढची आहे. मी त्यांच्या घरात शंभर वेळा जाऊन आले, पण माझ्या घरात कुणाला न्यायचं तर तसं घर या कादंबऱ्यांत बांधलेलंच नाही.

'स्वामी'नंतर ना. सं. इनामदारांची 'राऊ' लागली. 1972 सालची कादंबरी, पण 2015 च्या सिनेमाने ती घराघरांत पुन्हा पोचवली. मस्तानी आली त्या रविवारी काय झालं ते सांगते. सारांश संपला आणि सूत्रसंचालन करणाऱ्या ताई म्हणाल्या, "आता यावर आपल्या ताईंकडून ऐकू या, तुमच्यात मस्तानीबद्दल काय म्हणतात?" पंधरा चौकटींतले चेहरे माझ्याकडे वळले. (पडद्यावर कोण कुणाकडे बघतंय ते कळत नाही म्हणतात, पण कळतं.) खरं उत्तर असं की आमच्यात काहीच म्हणत नाहीत. सोलापूरच्या कुठल्याही मोहल्ल्यात मस्तानीच्या नावाने ना फातिहा होतो ना कव्वाली. ती छत्रसालाची मुलगी, छत्रसाल महामती प्राणनाथांचा शिष्य, म्हणजे प्रणामी पंथाचा. या पंथात कुराण आणि पुराण दोन्हींचे दाखले चालत. तिला सरळसोट 'तुमच्यातली' करून माझ्या पदरात टाकणं हे इतिहासाला धरून नाही. मी तसं सांगितलं. दोन-तीन जणींनी "अरे वा, हे माहीत नव्हतं" म्हटलं आणि चर्चा काशीबाईंच्या सोशिकपणाकडे वळली.

रमाबाईंवर बोलताना कुणी कोकणस्थ ताईंना "तुमच्यात काय म्हणतात" असं विचारलं नव्हतं.

पण हे लहान दुखणं आहे. मोठं दुखणं कादंबरी जिथे थांबते तिथलं. 28 एप्रिल 1740 रोजी रावेरखेडीला बाजीराव गेला, त्याच वर्षी मस्तानी गेली, पाबळला तिची कबर आहे. लोकांना आठवते ती गोष्ट इथे संपते, सगळे डोळे पुसतात. या दोघांचा मुलगा समशेर बहादूर मात्र तेव्हा पाच-सहा वर्षांचा होता. तो पेशव्यांच्या फौजेत वाढला आणि 1761 साली पानिपतावर मराठ्यांच्या बाजूने लढून जखमांनी गेला. त्याच्या मुलाने, अली बहादूरने, बुंदेलखंडात बांद्याची गादी उभी केली, आणि 1857 च्या उठावात बांद्याचा नवाब इंग्रजांविरुद्ध उतरला तो याच घराण्यातला. म्हणजे शंभर वर्षांहून जास्त काळ एक मराठी-मुसलमान घराणं नांदलं, लढलं, पोरंबाळं वाढवली. त्या घरात काय शिजत होतं, आजी नातवाला कुठल्या भाषेत झोपवत होती, ईदला आणि दसऱ्याला कोण कुणाकडे जात होतं, हे कुणाला लिहावंसं का वाटत नाही? मस्तानी मेली तर प्रेमकथा, तिचा वंश जगला तर तळटीप.

आपल्या इतिहासातली दुसरी प्रसिद्ध मुसलमान स्त्री कोण? कल्याणच्या सुभेदाराची सून. शिवरायांनी तिला मानाने साडीचोळी देऊन परत पाठवलं, ही गोष्ट मीही शाळेच्या स्नेहसंमेलनात सांगून बक्षीस घेतलेलं आहे, आणि आजही मुलांना अभिमानाने सांगते. पण तिचं नाव काय होतं? ती परत गेल्यावर काय बोलली? गोष्टीला ते लागत नाही, कारण गोष्ट तिची नाहीच. एकीला प्रेमात मरायचं आणि दुसरीला सन्मानाने परत जायचं, एवढ्या दोनच वाटा आमच्या बायकांना मराठी इतिहासकथेने ठेवल्या.

आणि हे आजचं नाही. हरिभाऊ आपट्यांच्या 'वज्राघाता'त विजयनगरचा रामराजा आणि मेहेरजान आहेत. पुरुष इकडचा, बाई तिकडची. 'राऊ'त तेच. उलटी जोडी, म्हणजे मुसलमान पुरुष आणि त्याच्यावर मनापासून जीव लावणारी हिंदू स्त्री, आणि लेखक दोघांच्याही बाजूने, अशी माझ्या वाचनात तरी आलेली नाही. कुणाला माहीत असेल तर सांगा, पुढच्या आषाढात वाचू. आत्तापर्यंत जे वाचलं त्यात मुसलमान पुरुष दरबारात असतो, रणात असतो, बायका पळवायला असतो. संध्याकाळी घरी येऊन बायकोशी भांडणारा, मुलीच्या केसांना तेल लावणारा कधी नसतो.

इथे आमचे काही वाचक खूश होतील की पाहा, मराठीवाल्यांना बरं सुनावलं. त्यांनी थोडं थांबावं. आमच्या अब्बांच्या कपाटातली उर्दू पुस्तकं मी त्याच वयात वाचली आहेत. अब्दुल हलीम शरर यांनी 1888 साली 'मलिकुल अज़ीज़ वर्जिना' लिहिली. स्कॉटची 'टॅलिस्मन' वाचून संताप आला म्हणून त्यांनी उत्तर दिलं, असं सांगतात. उत्तर काय दिलं? सलाहुद्दीनचा मुलगा आणि रिचर्डच्या घरातली ख्रिस्ती वर्जिना. पुरुष आमचा, बाई तुमची. पुढे नसीम हिजाज़ींच्या कादंबऱ्या, ज्यांच्या जिल्दा सोलापुरातही हातोहात फिरून फाटल्या. तिथेही घोडा आमचा, तलवार आमची, जिंकणारा प्रियकर आमचा. स्कॉट, शरर, आपटे, इनामदार अशी रांग लावा. भाषा बदलते, धर्म बदलतो, सूत्र तेच राहतं. जो लिहितो त्याचा पुरुष, आणि ज्याच्याविरुद्ध लिहितो त्याची बाई. याला आपण प्रेमकथा म्हणतो. मला ती वाटणी वाटते, लढाईनंतर होते तशी.

मी हे ग्रुपमध्ये मांडलं तेव्हा एक सद्गृहस्थ म्हणाले, "ताई, कादंबरी आहे, कशाला एवढं? एन्जॉय करा." मी एन्जॉय करतेच. पण कादंबरीचं सूत्र कादंबरीत राहतं का ते बघा. 13 डिसेंबर 2022 रोजी आपल्या राज्य सरकारने आंतरधर्मीय विवाहांची माहिती ठेवायला एक समन्वय समिती नेमली. कागदावर ती सर्वांसाठी आहे, मुलींच्या काळजीपोटी आहे. पण ती नेमताना कुठल्या जोडीची चर्चा चालली होती ते वर्तमानपत्रं वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. ज्या आठवड्यात आमच्या ग्रुपमध्ये 'मस्तानीला घरच्यांनी समजून घ्यायला हवं होतं' असा एकमुखी ठराव झाला, त्याच आठवड्यात त्याच ग्रुपवर 'आपल्या मुलींना जपा' असा एक फॉरवर्ड आला. टाकणारी व्यक्ती वाईट नाही. माझ्या आईच्या आजारपणात तिनेच डबे पाठवले होते. तिला या दोन्हींत काही विसंगत दिसलं नाही, कारण दीडशे वर्षांच्या कादंबऱ्यांनी तिला एकच जोडी सुंदर म्हणून दाखवली आहे. उलटी जोडी दिसली की ती गोष्ट तिला प्रेमकथा वाटत नाही, गुन्ह्याची बातमी वाटते. आमच्या मोहल्ल्यातही हेच, फक्त आरसा फिरवून. मुलाने बाहेरची आणली की दावत, मुलीने बाहेरचा निवडला की जनाजा.

मागच्या हंगामात तिसरं पुस्तक इनामदारांचीच 'शहेनशहा' ठरलं होतं. 1970 ची ही कादंबरी औरंगजेबाला नायक करून लिहिलेली आहे, हे आज कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. एका मराठी ब्राह्मण लेखकाने ती लिहिली आणि मराठी वाचकाने ती वाचली, आवृत्त्या निघाल्या, कुणाचं काही जळलं नाही. पण 2025 च्या फेब्रुवारीत 'छावा' सिनेमा आला, मार्चमध्ये नागपुरात काय झालं ते आपण पाहिलं, आणि हंगाम सुरू झाल्यावर ग्रुपमध्ये निरोप आला, 'वातावरण पाहता हे पुस्तक तूर्त वगळत आहोत.' त्या निरोपाखाली चौदा हात जोडलेले. दोघींनी मला वेगळं लिहिलं, "तुमच्यासाठीच वगळलं, तुम्हाला अवघडायला नको."

माझ्यासाठी? मला अवघडायचं होतं. औरंगजेबाचं वकीलपत्र मी घेतलेलं नाही. संभाजी महाराजांना त्याने ज्या रीतीने मारलं ते मी कुणापुढेही सौम्य करून सांगणार नाही. पण मला त्या हीराबाईबद्दल बोलायचं होतं. तरुण शहजादा बुऱ्हाणपूरला असताना झैनाबादच्या बागेत आंबा तोडणारी हीराबाई त्याला दिसली आणि हा कोरडा, हिशेबी माणूस भान हरपून बसला. ती त्याच्या मावशीच्या घरातली दासी. तो तिच्यासाठी पुरता वेडा झाला, आणि ती लवकर मेली. फारसी ग्रंथांत ही गोष्ट आहे. पुढे तोच माणूस म्हातारपणी आपल्या जिल्ह्यात, मंगळवेढ्याच्या बाजूला भीमेकाठी ब्रह्मपुरीला 1695 पासून चार वर्षं छावणी टाकून बसला. माचणूरला सहलीला जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक आहे? ऐतिहासिक प्रेमकथेचं काम असंच असलं पाहिजे, की ज्याचा आपल्याला तिरस्कार वाटतो त्याच्याही छातीत एकदा हात घालून बघायचं. त्याने तिरस्कार कमी होईलच असं नाही. कदाचित वाढेल, की हे कळत असूनही तू असा झालास. पण तो तिरस्कार माणसाचा असेल. पुस्तक वगळून आपण तेवढंही गमावलं, आणि कारण म्हणून माझं नाव लावलं.

आता आमच्या लोकांकडे येते, कारण खालाला मी उत्तर द्यायचं बाकी आहे. अम्मीच्या जहेजात भांड्यांसोबत 'बहिश्ती ज़ेवर' आलं होतं, अनेक घरांत येतं. मौलाना अशरफ अली थानवींनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुलींना वाचता यावं, दीन कळावा म्हणून ते लिहिलं, आणि त्या काळात मुलींना वाचायला शिकवा म्हणणं ही साधी गोष्ट नव्हती, हे मान्य. पण त्यातच नुकसान करणाऱ्या पुस्तकांची यादीही आहे. त्या यादीत 'इंदरसभा' आहे ते समजू शकतं. पण डिप्टी नज़ीर अहमद यांची 1869 ची 'मिरातुल उरूस'सुद्धा आहे, जिच्यातली असग़री इतकी शहाणी, इतकी गृहकृत्यदक्ष की वाचून जांभई यावी. म्हणजे मुलीने वाचायला शिकायचं, पण मुलीची गोष्ट वाचायची नाही. ज्या घरांतून कादंबरीच हद्दपार झाली, त्या घरांवर कादंबरी कोण लिहिणार? मग दुसऱ्यांनी आपलं घर चुकीचं रंगवलं म्हणून ओरडायचं. आपण दिवा लावला नाही, आणि शेजाऱ्याला बाहेरून घर काळं दिसलं तर शेजारी वाईट.

1990 साली याच शहरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झालं. प्रा. फकरुद्दीन बेन्नूर आणि त्यांच्या सोबतच्या लोकांनी मराठी आमची भाषा आहे हे ठणकावून सांगितलं, आणि मी आज मराठीत हे लिहिते आहे त्यात त्यांचा वाटा आहे. पण त्या चळवळीतून जे साहित्य माझ्या हाती आलं त्यात दंगल आहे, तलाक आहे, भूक आहे, संशयाने बघणारे डोळे आहेत. सगळं खरं. प्रेम आणि राजवाडे मात्र आपण चैनीच्या वस्तू म्हणून सोडून दिले. त्यामुळे सामान्य मराठी वाचक, जो शेकड्याने ऐतिहासिक कादंबऱ्या घरी नेतो, तो आपल्याला त्या पुस्तकांतूनच भेटतो, आणि तिथे लिहिणारे आपण नसतोच.

आणि हे कुठे, तर सोलापुरात! सिद्धेश्वर तळ्याकाठी जो भुईकोट किल्ला उभा आहे, ज्याच्या बागेत आपण पोरांना भेळ खाऊ घालतो, तो किल्ला एकदा नाही, दोनदा लग्नाच्या बोलीत आला आहे. 1524 च्या सुमारास विजापूरच्या इस्माईल आदिलशहाची बहीण मरियम अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाला दिली, तेव्हा सोलापूर आंदण द्यायचं ठरलं. लग्न झालं, किल्ला काही दिला नाही, आणि दोन व्याही फौजा घेऊन एकमेकांवर उठले. पुढे तालिकोटच्या लढाईआधी, 1565 च्या थोडं अगोदर, हुसेन निजामशहाने आपली मुलगी चांदबीबी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली आणि तिच्यासोबत हा किल्ला. शहराच्या शहर जहेजात! आपल्याकडे जहेजात फ्रीज नाही आला म्हणून मुली जळतात, तेव्हा मला या किल्ल्याची तटबंदी आठवते.

चांदबीबीला आपण ओळखतो ती अहमदनगरच्या तटावर तलवार घेऊन उभी राहिलेली, 1595-96 मध्ये मोगलांना अडवणारी, आणि 1600 साली आपल्याच माणसांच्या हातून मारली गेलेली. पण त्याआधी ती बायको होती. नवऱ्यासोबत घोड्यावर शिकारीला जाणारी, हातावर बहिरी ससाणा घेतलेली अशी तिची चित्रं दख्खनमध्ये पुढची दोनशे वर्षं काढली जात होती. दोन वैरी घराण्यांनी एका किल्ल्यासकट सोपवलेली ही मुलगी त्या परक्या घरात रमली कशी? 1580 साली नवऱ्याचा खून झाला, तेव्हा नऊ-दहा वर्षांच्या पुतण्याला पुढे करून तिने कारभार हातात घेतला. कारभाऱ्याने तिला साताऱ्याच्या किल्ल्यात कैद केलं. साताऱ्याला! तिथे खिडकीतून तिला काय दिसत असेल? यात प्रेम, वियोग, सासर-माहेर, सत्ता सगळं आहे, आणि 'आमचा पुरुष, तुमची बाई' हे सूत्र कुठेही बसत नाही.

प्रेमकथा लिहायला आपल्याला स्कॉटची उसनवारीही लागत नव्हती. 1609 साली गोवळकोंड्याच्या मुल्ला वजहीने 'कुतुब मुश्तरी' लिहिली, तीत नायक म्हणून त्या वेळी गादीवर असलेला मुहंमद कुली कुतुबशहाच आहे. इथून शंभर किलोमीटरवरच्या विजापुरात 1657 साली नुसरतीने 'गुलशन-ए-इश्क' लिहिली. एका मुसलमान दरबारी कवीने मनोहर आणि मधुमालती या हिंदू नावांच्या प्रेमिकांची गोष्ट दखनीत सांगितली. कुणी कुणाचं नाव बदलत नाही, कुणी कुणाला जिंकून नेत नाही, प्रेमासाठी वणवण करायची ती नायकाने. त्याची 1743 सालची एक सचित्र प्रत आज अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या संग्रहालयात आहे. ज्या बोलीत ती लिहिली तिची लेक आमच्या स्वयंपाकघरात रोज बोलली जाते, आणि तिला आम्हीच 'बिघडलेली उर्दू' म्हणून पाहुण्यांसमोर लपवतो.

तेव्हा खाला, मी ग्रुप सोडत नाही. आणि काकू, मला त्रास होतो तेव्हाच मी जास्त यायला हवी, माफ करा. मी दोन मागण्या लिहून पाठवल्या आहेत. 'शहेनशहा' पुन्हा यादीत घ्या, वातावरण कसंही असो. आणि शेवटचे तीन रविवार 'गुलशन-ए-इश्क'ला द्या. मराठीत पुस्तक कुठून आणायचं, असं विचारलं गेलं. मी दखनी वाचून दाखवेन आणि तिथल्या तिथे मराठीत अर्थ सांगेन, चुकेन तिथे हसा. बहारीनच्या ताईंनी हो म्हटलं आहे. 'एन्जॉय करा' म्हणणाऱ्या काकांनी विचारलं आहे की यात लढाई आहे का.